व्हायोलेट आणि जांभूळ

इंग्रजी कविता शिकविणाऱ्या मास्तराची खरी परीक्षा शेक्सपिअर घेत नाही, फुले घेतात. डॅफोडिल, प्रिमरोज, डेझी, व्हायोलेट! ह्या नावांची जपमाळ ओढीत आमची पिढी वाढली आणि त्यांतले एकही फूल तिने कधी हातात धरले नव्हते. 'एक पिवळे फूल', 'एक पांढरे फूल', 'एक जांभळे फूल' असे पेपरात लिहिले की गुण मिळत. पुढे मी जयगडच्या बाजूला काही वर्षे एका शाळेत इंग्रजी शिकविले, तेव्हा माझ्यापाशीही हीच पुंजी होती. वर्ड्‌स्वर्थची लूसी चालली होती. शेवाळलेल्या दगडाशी अर्धेमुर्धे दडलेले व्हायोलेट, तशी ती मुलगी, असे कवीला म्हणावयाचे आहे. 'व्हायोलेट म्हणजे एक लहानसे जांभळे फूल,' एवढे सांगून मी पुढच्या कडव्याकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा फणसाच्या पानात काही नाजूक देठ गुंडाळून घेऊन आला. भाद्रपदाचे दिवस होते. वरच्या सड्यावर, जिथे कातळावरून पाणी नुसते झिरपत असते, तिथली ती निळसर जांभळी फुले. 'सर, हेच ना?' मी म्हटले, 'नाही रे, ते विलायतेत होते.' त्यावर त्याने अगदी सरळपणे विचारले, 'मग ह्याला इंग्रजीत काय म्हणतात?' मला ठाऊक नव्हते. वर्ग हसला. तो त्याला हसला की मला, ह्याचा निर्णय मी अजून केलेला नाही. त्या फुलाला आपल्याकडे 'सीतेची आसवे' असे नाव आहे, हेही मला पुष्कळ उशिरा कळले. ओल्या दगडाशी दडलेले, कोणी ढुंकून न पाहिलेले ते फूल घेऊन येणारा मुलगा त्या दिवशी वर्ड्‌स्वर्थच्या माझ्याहून अधिक जवळ होता. त्याला मी 'नाही' म्हटले, त्याची ही थोडीशी परतफेड.

प्रथम त्या विलायती फुलाला न्याय देऊ. व्हायोलेट हे युरोपात कुंपणाच्या बुडाशी, झाडांच्या गार सावलीत, हिवाळा सरता सरता उमलणारे ठेंगणे फूल आहे. पाने बदामाच्या आकाराची, देठ वाकलेला, मान खाली. फुलापेक्षा वास आधी सापडतो आणि वासाच्या मागोमाग गेले तर फूल सापडते. थंडीने गारठलेल्या देशात ह्याचे मोल किती, ते आपण उन्हाळ्याने भाजलेल्या लोकांनी पहिल्या पावसाच्या मातीच्या वासावरून ताडावे. त्यामुळे तिकडच्या कवींनी व्हायोलेटकडे तीन कामे सोपविली: विनयाने दडून राहणे, एकनिष्ठ असणे आणि लवकर मरणे. वेडी झालेली ऑफीलिया दरबारात सगळ्यांना फुले वाटते; व्हायोलेट तेवढी देऊ शकत नाही, कारण बाप गेला तेव्हा ती सारी सुकली. पुढे तिलाच मातीत ठेवताना तिचा भाऊ म्हणतो, हिच्या देहातून व्हायोलेट उगवोत. शेलीने कोमेजलेल्या व्हायोलेटवर एक लहानशी कविता लिहिली. तीत फुलाचा वास गेला आहे, रंग गेला आहे आणि त्यांच्याबरोबर प्रेमाची ऊबही.

ह्या वासाची एक गंमत आहे. त्यातले जे मुख्य द्रव्य, आयोनोन, ते नाकाची त्या वासापुरती शक्ती क्षणभर बधिर करते. वास येतो, नाहीसा होतो, पुन्हा येतो. म्हणजे लपंडाव हा कवींचा आरोप नव्हे, फुलाचा स्वभावच आहे! १८९३ साली टीमान आणि क्र्यूगर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी आयोनोन प्रयोगशाळेत तयार केले आणि हे दुर्मिळ अत्तर बाजारात स्वस्त झाले. त्याच १८९३ साली इकडे केशवसुतांनी 'तुतारी' लिहिली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण व्हायोलेट बाटलीत भरले जात असताना आमचा कवी तुतारी मागत होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. केशवसुतांकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

जे फूल इतके डोक्यावर चढविले जाते त्याची थट्टा व्हावयाचीच. ती फार जुनी आहे. पिंडार ह्या ग्रीक कवीने अथेन्स नगरीला व्हायोलेटचा मुकुट घातलेली म्हणून गौरविले. अथेन्सच्या लोकांना ते विशेषण इतके गोड लागले की अॅरिस्टोफनीसने इ. स. पू. ४२५ मधल्या 'अकार्नियन्स' ह्या नाटकात त्यांना त्यावरून सोडले नाही. परगावचे वकील तुम्हांला फसवावयाला येतात, तुमच्या शहराला व्हायोलेटचा मुकुट घालतात आणि तेवढ्यावर तुम्ही हुरळून बैठकीच्या अगदी टोकाशी सरकून बसता, असे तो तोंडावर सुनावतो. आमच्याकडे कोकणी माणसाला 'अपरांतभूमीचे सुपुत्र' म्हटले की स्मरणिकेला पानभर जाहिरात मिळते, त्यांतलाच हा प्रकार! गमतीची गोष्ट अशी की थट्टा फुलाची नाही, फुलाच्या विशेषणाची आहे. विनोदी लेखकाचे नेम असेच अचूक असतात.

दुसरी थट्टा पोरांची. गुलाबाचा रंग सांगावयाचा, मग व्हायोलेटचा रंग सांगावयाचा आणि उरलेल्या दोन ओळींत मनाला येईल ते म्हणावयाचे, असे एक चार ओळींचे पद्य इंग्रजी बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ असते. १७८४ सालच्या 'गॅमर गर्टन्स गार्लंड' ह्या बालगीतांच्या पुस्तकात ते छापलेले सापडते. तेव्हापासून त्याच्या शेवटच्या दोन ओळी लाखो वेळा बदलल्या असतील. प्रेमपत्रापासून शिवीपर्यंत सारे काही त्यांत बसते. व्हायोलेट निळे नसून जांभळे असते, हा त्यावरचा नेहमीचा शहाणा आक्षेप. पण पद्यात यमकाची अडचण असली की रंगाला हलावे लागते, हे आमच्या पंतकवींनाही ठाऊक होते.

हे पद्य पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते परके वाटलेच नाही. कारण हा सरळसरळ उखाणा आहे! उखाण्याच्या पहिल्या ओळीत चांदीचे ताट असो, तुळशीचे वृंदावन असो, नाहीतर समुद्राचे पाणी असो. तिचा दुसऱ्या ओळीशी संबंध यमकापुरता. पहिली ओळ म्हणजे तयारी, दुसरी म्हणजे उडी. ऐकणाऱ्या बायकांचे कान उडीकडे असतात. मात्र एक फरक आहे. इंग्रजी पोर व्हायोलेटचा रंग सांगते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे फूल असते. आपल्याकडे उंबरठ्यावर अडविलेल्या नव्या नवरीला तोच रंग हवा असेल तर ती काय म्हणेल? मी येथेच एक जुळवून पाहतो:

जांभूळ खाल्ले चोरून, पण जीभ काही लपेना;
…रावांचे नाव घेतल्याविना वन्सं वाट देईना.

काव्य म्हणून ह्याची किंमत शून्य आहे, हे मला मान्य आहे. पण आपण काय केले ते पाहा. रंग तोच, परंतु फुलाच्या जागी फळ आले आणि लपण्याच्या जागी उघडे पडणे आले. माझ्या मते इंग्रजी व्हायोलेट आणि मराठी जांभळा ह्यांच्यातले सारे अंतर ह्या एका अदलाबदलीत आहे.

भाषेने एखाद्या रंगाला कोणाचे नाव द्यावे, ही साधी गोष्ट नव्हे. इंग्रजांनी हा रंग फुलावरून ओळखला, आपण झाडावरच्या फळावरून. आपण फुलांना रंग देत नाही असे नाही. गुलाबी आहे, केशरी आहे, अबोली आहे. पण निळ्यातून तांबड्याकडे जाणारी ही वाट आली की मराठी जीभ एकदम खाण्याकडे वळते. जांभळा, वांगी, अंजिरी, आमसुली! लुगड्यांच्या दुकानात आमच्या आज्या ह्या छटा अशा बिनचूक सांगत की रंगाऱ्यानेही मान डोलवावी. 'वांगी नको, जरा आमसुलीकडे दाखवा,' ह्या वाक्यात जेवढे रंगज्ञान आहे तेवढे आमच्या कित्येक निसर्गकवितांत नाही. ज्या रंगाचे नाव स्वयंपाकघरातून आले, त्याच्याकडे गंभीर चेहऱ्याने पाहणे कवीला जड जाते. जांभळ्याला हसू येते ते असे.

आणि जांभूळ हे फळ मुळातच चुगलखोर आहे. कैरी चोरून खाता येते, करवंदेही खाता येतात. जांभळाचे तसे नाही. घरी आल्यावर आई एवढेच म्हणते, 'जीभ काढ बघू.' व्हायोलेट लपते, जांभूळ सांगते. लोककवीने हे किती नेमके हेरले ते पाहावयाचे असेल तर जांभूळ आख्यान ऐकावे. शाहीर विठ्ठल उमप ते रंगवून सांगत. पाच पतींची पतिव्रता द्रौपदी, आणि तिच्या मनाच्या तळाशी कर्ण! ते गुपित उघडे पडते कशाच्या निमित्ताने, तर जांभळाच्या. व्यासांनी जे सांगितले नाही ते आमच्या गोंधळी-शाहिरांनी एका फळाच्या हवाली केले. विनोद, शृंगार आणि जीव कासावीस करणारे दुःख एकाच रंगात कालविलेले मराठीत मला दुसरीकडे आढळले नाही. ऑफीलियाच्या सुकलेल्या व्हायोलेटशेजारी ठेवावे असे आपल्यापाशी काही असेल तर ते हे जांभूळ. महानोरांनी 'जैत रे जैत' (१९७७) ह्या चित्रपटासाठी ठाकरांच्या तोंडी जांभळीच्या झाडाखालचे गाणे घातले, तेव्हा त्यांनाही ह्या फळाची ही ख्याती ठाऊक होतीच.

मग आमच्या पांढरपेशा कवितेत हा रंग फुलून का आला नाही? कालिदासाच्या 'मेघदूता'त मेघ दशार्ण देशावरून जातो, तेव्हा खालची जांभळीची वने पिकलेल्या फळांनी काळवंडलेली असतात. पण तिथेही रंग श्यामच. संस्कृत कवी निळा, श्याम आणि काळा ह्यांच्या सीमा फार काटेकोरपणे आखीत नाही. पुढे मराठीत ज्ञानदेवांपासून निळा आणि सावळा हे दोन रंग थेट देवाच्या अंगावर गेले. एकदा विठ्ठलाने सावळा आणि कृष्णाने निळा नेला, की मधल्या पट्ट्यात जे उरले ते जांभळीखाली पोरांनी वेचले. हे मी विनोदाने म्हणत असलो तरी ह्यात तथ्य आहे. मराठी कवीने संध्याकाळ रंगविली तर तो 'निळा' म्हणतो, 'सावळा' म्हणतो; 'जांभळा' म्हणताना त्याची लेखणी किंचित अडखळते. त्या शब्दाला भक्तीचा वारसा नाही, दाताखाली येणारी बी मात्र आहे.

आता व्हायोलेट आपल्या दाराशी आलेच नाही असे कोणी समजू नये. ते दोन वाटांनी आले. पहिली वाट फारसीची. फारसी कवितेत हे फूल, बनफशा, फार मानाचे आहे. मान झुकविलेले, काळसर निळ्या वस्त्रातले, शोकाकुल. नाहीतर प्रियेच्या कुरळ्या बटेसारखे. आमचे माधव जूलियन फारसीचे गाढे पंडित. त्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला, गज्जल मराठीत आणली, रुबाया आणल्या. त्या सामानाबरोबर गुलाब आला, साकी आला, बुलबुल आला. बनफशा मात्र मराठी कवितेत रुजला नाही. तो कुठे गेला? काष्ठौषधीच्या दुकानात! कोरड्या खोकल्यावर ज्येष्ठमधाबरोबर काढ्यात घालावयाचा गुलबनफशा तो हाच. शिराझच्या बागेत जे फूल प्रियेच्या बटेची बरोबरी करीत होते ते आमच्या घरी आजोबांच्या खोकल्याशी झुंजले. ह्यात फुलाचा अपमान झाला असे मला वाटत नाही. कवितेने जवळ केले नाही म्हणून वैद्याने जवळ केले, इतकेच.

दुसरी वाट इंग्रजीची; पण तिच्यावरूनही आले ते फूल नव्हे, नाव. १८५६ साली पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा लंडनमध्ये हिवतापावरचे क्विनीन बनवावयाला बसला आणि कोळशाच्या डांबरातून त्याच्या हाती जांभळा रंग लागला. त्या रंगालाही फुलाचेच नाव मिळाले, मोव्ह. पुढे त्याच घराण्यातले रंग निघत गेले आणि त्यांतला एक 'जेन्शन व्हायोलेट' म्हणून आमच्या सरकारी दवाखान्यात पोचला. एका नावात दोन फुले, आणि औषध डांबराचे! तोंड आले, गुडघा फुटला, खरूज झाली की कंपाउंडर कापसाच्या बोळ्याने जांभळे औषध लावून देई आणि मुलगा आठवडाभर रंगपंचमी करून फिरे. कारकुनांच्या कॉपिंग पेन्सिलीतही असलाच रंग. ती ओली केल्याशिवाय उठत नसे, म्हणून जिभेला लावावयाची. त्यामुळे जुन्या कचेरीतल्या कारकुनाची जीभ आणि जांभूळ खाल्लेल्या पोराची जीभ ह्यांत भेद करता येत नसे. बघा, विलायतेहून आलेल्या व्हायोलेटनेही इथे येऊन जांभळाचाच धर्म स्वीकारला!

येथे कोणी म्हणेल, 'परके फूल होते, रुजले नाही. त्यात एवढे नवल कसले?' हा युक्तिवाद मला पटत नाही, आणि तो खोडून काढावयाला दिवाळीइतका चांगला मुहूर्त नाही. आपल्या दारावर आत्ता जे तोरण आहे त्यातला झेंडू मूळचा अमेरिकेचा. पोर्तुगिजांच्या काळात तो आला आणि असा रुजला की त्याच्याविना दसरा सुना. म्हणजे परकेपणा ही अडचण नव्हे. झेंडू दाराला लागतो, देवाला लागतो, बैलाच्या शिंगाला आणि मोटारीच्या नाकालाही लागतो. हे फूल सर्वांचे आहे, म्हणूनच आचार्य अत्र्यांना ते हवे होते. 'झेंडूची फुले' हा विडंबनगीतांचा संग्रह १९२५ चा, म्हणजे जूलियनांच्या कोशाचा जुळा भाऊ. कवी मंडळी जाई-जुई, गुलाब, कमळे घेऊन बसलेली असताना ह्या गृहस्थाने पुस्तकाच्या नावातच बाजारातले जाडेभरडे फूल उचलले. त्या नावात अर्धी टीका आहे. विडंबनाला सर्वांच्या ओळखीची वस्तू लागते. जे फूल वाचकाने पाहिलेच नाही त्याची थट्टा करून कोणाला हसवणार? शेपन्नास वर्षे पाठ्यपुस्तकात राहूनही व्हायोलेटचे एक बरे मराठी विडंबन होऊ नये, हा मला त्याच्या परकेपणाचा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. जे आपले झाले त्याला आपण हसतो.

ह्याला एक सुंदर अपवाद आहे, तो रंगभूमीवरचा. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये फुले विकणारी एलायझा पावसात धक्का लागून पडलेल्या आपल्या टोपलीकडे पाहते आणि चिखलात तुडवल्या गेलेल्या व्हायोलेटच्या दोन जुड्यांचा हिशेब मांडते. विनयाचे, निष्ठेचे, अल्पायुष्याचे प्रतीक आणि त्याचा बाजारभाव! कवींनी ह्या फुलाला वास दिला, शॉने भाव दिला. पु. ल. देशपांडे ह्यांनी १९७५ साली हे नाटक मराठीत आणताना त्याला नाव दिले 'ती फुलराणी'. एलायझाची मंजुळा झाली आणि नाव सरळ बालकवींच्या कवितेकडे बोट दाखवू लागले. ही निवड मला भाषांतरकाराच्या अकलेचा नमुना वाटते. व्हायोलेटला मराठीत प्रतिशब्द नाही म्हणून ते 'जांभळी फुले' म्हणत बसले नाहीत. व्हायोलेट इंग्रजी मनात जी जागा अडवून बसले आहे, त्या जागी मराठी मनात कोण बसले आहे ते त्यांनी पाहिले. तिथे बालकवींची फुलराणी बसली होती. लाजरी, हिरवळीतली, रविकिरणाची वधू. आणि बालकवींनी त्या फुलाला जातच दिलेली नाही! ती जाई नव्हे, शेवंती नव्हे. विलायती कवीने नाव देऊन जे साधले ते आमच्या कवीने नाव टाळून साधले.

येथून केशवसुतांकडे जाणे सोपे आहे. जयगडहून तर फारच सोपे. त्यांचे जन्मगाव मालगुंड जयगडपासून फार दूर नाही. वाटेत चाफे नावाचे गावही लागते. फुलांच्या बाबतीत हा मुलूख दरिद्री नाही. १८६६ साली ह्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाने इंग्रजी कवितेतून चौदा ओळींचे सुनीत उचलले, आणि पहिले सुनीत लिहिले ते 'मयूरासन आणि ताजमहाल' ह्यांवर. ह्यात त्यांचे सारे धोरण आले. कुंडी त्यांनी विलायतेची घेतली, माती घेतली नाही. देशावर असताना त्यांना घराची आठवण आली ती शेलीच्या पश्चिमवाऱ्याची उसनवारी करून नव्हे. त्यांनी हाक मारली नैऋत्येकडील वाऱ्याला, कारण कोकणावरून येणारा वारा तो. दिशा एवढीच बदलली, पण ती बदलावयाला कवी लागतो. त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळांनी कुंडीबरोबर रोपेही आणली आणि पाणी घालून घालून ती मारली. १९९४ साली मालगुंडला केशवसुतांचे स्मारक झाले. तिथे जाऊन आलेल्या कवींनी एवढे तरी करावे की परतताना किनाऱ्यावर उतरून पायांखाली पाहावे.

पायांखाली मर्यादवेल असते. वाळूवर दूरवर पसरणारी, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची, आणि तिला गुलाबी जांभळी कर्ण्यासारखी फुले. सकाळी उमलतात, ऊन चढले की मिटतात. समुद्राने इथवर यावे, पुढे येऊ नये, म्हणून ती मर्यादवेल. नावातच एक कविता आहे आणि थोडा विनोदही. कारण उधाणाच्या दिवशी समुद्र ही मर्यादा कितपत पाळतो ते जयगडच्या कोळ्यांना विचारावे. ह्या वेलीवर मराठीत एक मोठी कविता असावयास हवी होती. उन्हाळ्यात ओढ्याकाठी तामण फुलतो, आपल्या राज्याचे फूल. तो तर झाडभर जांभळा. पण तामण भिडस्त नाही, तो मिरवतो. लूसीशी त्याचे जमावयाचे नाही.

लूसीशी जमेल ते बकुळीचे. लहान, मळकट पांढरे, पानांआड दडलेले, वासावरून शोधावयाचे. व्हायोलेटने सोपविलेली पहिली दोन्ही कामे ती चोख करते. तिसरे मात्र ती करीत नाही, आणि तिथेच दोन कवितांची वाट वेगळी होते. शेलीचे व्हायोलेट सुकते तेव्हा वास जातो; उरते ते प्रेत. बकुळ सुकते तेव्हा रंग तपकिरी होतो आणि वास तसाच राहतो. पुस्तकात ठेवलेली बकुळ वर्षांनी हाती लागली तरी ओळख देते. म्हणून विलायती कवी सुकलेल्या फुलापाशी 'संपले' म्हणतो आणि मराठी बाई जुन्या वहीतली बकुळ हुंगून 'अजून आहे' म्हणते. सुकलेल्या फुलावर मराठीत लिहिताना ज्याने शेलीचा सुस्कारा जसाच्या तसा टाकला, त्याने फूलही पाहिले नाही आणि मनही. निसर्ग वेगळा असला की भावनाही थोडी वेगळी होते. भाषांतराने शब्द आणता येतात, सुकण्याची रीत आणता येत नाही.

राहिली सीतेची आसवे. त्या फुलाबद्दल पुढे मी जे वाचले त्याने मला पुन्हा हसू आले. ही नाजूक, थरथरती आसवे कीटकभक्षी आहेत! कातळावरच्या चिखलात अन्न पुरत नाही म्हणून मुळांच्या जागी बारीक बारीक फुगे असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की फुग्याचे दार उघडते, जीव आत ओढला जातो आणि दार मिटते. वर सीतेचे अश्रू, खाली ही व्यवस्था. वर्ड्‌स्वर्थला हे सांगितले असते तर त्याने बहुधा दुसरे फूल पाहिले असते. मराठी कवीने मात्र ते सोडू नये. विनय आणि भूक एकाच देठावर, असे फूल जगात सहसा मिळत नाही. आणि जांभळ्या रंगाला हसण्याची आमची जुनी सवय इथे अगदी उपयोगी पडेल.

पण ते पाहावयाचे तर घाई केली पाहिजे. कातळाला आपण पडीक म्हणतो. ज्यावर गवत वाळले की काही उरत नाही त्याला दुसरे काय म्हणणार? दिवाळीला तिथे गेलात तर पिवळे पडलेले रान दिसेल, फुलांचा मागमूसही नसेल. जयगडला आता मोठे बंदर आहे, औष्णिक वीजकेंद्र आहे. सड्यांवर सुरुंग लावून आंब्याची कलमे घातली जातात, जांभ्याच्या खाणी पडतात. जांभा! ज्या दगडाची जयगडची तटबंदी, त्या दगडाच्याही नावात हा रंग ऐकू येतो. गेल्या भाद्रपदात मी वर गेलो होतो. चिरेखाणीच्या दोन खड्ड्यांमध्ये दहाबारा हात रुंदीची कातळाची पट्टी उरली होती. तिच्यावर पाण्याचा पातळ ओघळ होता आणि त्या ओघळाच्या कडेने, एका शेवाळलेल्या चिऱ्याला लागून, ती उभी होती. बरोबर एका स्नेह्यांची नात होती, इंग्रजी शाळेत शिकणारी. तिने वाकून पाहिले आणि म्हणाली, 'आजोबा, व्हायोलेट्‌स!'

मी ह्या खेपेला 'नाही' म्हटले नाही. नाव मात्र सांगितले. तिने दोनदा म्हणून पाहिले आणि मग विचारले, 'पण सीता इथे कशाला रडली?'